चोची दाराकडे

कुठलं दार, एवढंच विचारायचं राहून गेलं आणि त्यापायी क्लिफर्ड मिंचिन एकसष्ट वर्षं गोंधळात राहिला.

तसा तो मुळातच विचारणाऱ्यातला नव्हे. पंधराव्या वर्षी स्लेडकोटच्या बागेत कामाला लागला, बासष्टाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी बसला, आणि मधल्या सत्तेचाळीस वर्षांत त्यानं वरच्यांना विचारलेले प्रश्न बोटांवर मोजण्याइतके. त्यातले निम्मे चहाची सुट्टी कधी, याबद्दलचे. बाकी माणूस कामाला वाघ. पण वाघाला जर सांगितलं की शिकार डावीकडची कर, तर कुणाच्या डावीकडची, हे तरी त्यानं विचारायला नको का?

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला स्लेडकोटहून पत्र आलं. घराच्या मालकीणबाई, मिस लॅव्हिंग्टन, जाऊन तीस वर्षं झाली होती आणि घर, बाग, तबेला सगळं आता एका संस्थेकडे होतं. पत्र बागेची हल्लीची प्रमुख रोवन ॲस्प्रे हिचं. बायकोला घेऊन या, घर बघा, बाग बघा, आमच्याबरोबर चहा घ्या, आणि जमलं तर वरच्या अंगणातल्या पक्ष्यांबद्दल थोडं सांगा, असं तिनं लिहिलं होतं. 'पक्ष्यांबद्दल' वाचलं आणि क्लिफर्डनं पत्राची घडी घालून ते परत लखोट्यात कोंबलं.

"काय लिहिलंय?" थेल्मानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"चहाला बोलावलंय."

"चहाचं बोलावणं आलं म्हणून कुणाचं तोंड असं होतं का? आण इकडं." तिनं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. "सापडलास एकदाचा," ती म्हणाली.

स्लेडकोटच्या वरच्या अंगणात यूची सहा झाडं आहेत. काळपट हिरवं, गच्च, वर्षाला वीतभर वाढायचं तरी आढेवेढे घेणारं झाड, पण कातराल तसं राहणारं. या सहांना खाली ढोलासारखा आकार आणि प्रत्येक ढोलावर एकेक पक्षी. कसला पक्षी, ते विचारू नका. कुणी मोर म्हणतं, कुणी कबुतर. थेल्मा कोंबडी म्हणते. घर ज्यानं बांधलं त्या ॲल्विन थॉर्नबीनंच १९११ साली हे पक्षी कागदावर काढले होते.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात नाताळापासून मार्चपर्यंत बर्फ हललं नाही. त्याच्या भारानं सहाही पक्षी मोडून पडले. तेव्हाचे मुख्य माळी मिस्टर प्रॉबर्ट यांनी झाडं ढोलापर्यंत खाली कापली, नव्या फुटव्यांना वळण लावायला तारेचे सहा साचे वळले, आणि ते वाहून नेताना त्यांचा हर्निया उतरला. ग्लॉस्टरच्या इस्पितळातून त्यांनी अठरा वर्षांच्या क्लिफर्डला एक पोस्टकार्ड धाडलं. त्यावर एवढंच: साचे चढव. चोची दाराकडे.

आता हा क्लिफर्ड तीन वर्षं खालच्या भाजीच्या मळ्यातच काम करत होता. त्याला वरच्या अंगणात पाऊल टाकायची मुभा नव्हती. आणि माळ्यांच्या तोंडी 'दार' म्हणजे एकच, खालच्या भिंतीतलं हिरवं दार. सकाळी त्यातून आत यायचं, संध्याकाळी त्यातून बाहेर पडायचं. 'दार लावून घे' म्हणजे ते, 'दाराशी भेट' म्हणजे तिथं. घरालाही दार होतं, नाही कसं, पण त्याला ही मंडळी 'घर' म्हणायची. क्लिफर्डनं सहाच्या सहा चोची हिरव्या दाराकडे केल्या, तारा आवळून बांधल्या आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला गेला.

आठवडाभरानं स्वयंपाकघरातली एक पोरगी बटाट्याच्या सालांची बादली घेऊन आली. "ए लांबुड्या," ती म्हणाली, "या कोंबड्यांची ढुंगणं आमच्याकडे कशाला केलीस? आधी त्या आमच्या खिडकीत डोकवायच्या." ती थेल्मा. तिनं त्याला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. त्यानंतर तिनं बरीच वाक्यं उच्चारली, पण इतका घाम त्याला पुन्हा कशानं फुटला नाही.

रविवारी इस्पितळात जाऊन प्रॉबर्टना विचारायचं असं त्यानं ठरवलं. प्रॉबर्ट शनिवारी गेले. आता विचारायचं कुणाला? मिस लॅव्हिंग्टन रोज सकाळी अंगणातून फेरी मारायच्या. त्यांनी साचे पाहिले, सुप्रभात म्हटलं आणि पुढे गेल्या. क्लिफर्ड बोलणी खायची वाट बघत राहिला. आज नाही तर उद्या, या महिन्यात नाही तर पुढच्या. बोलणी आलीच नाहीत. फुटवे तारेतून वर आले, चोची धरू लागल्या, शेपट्या भरल्या. सत्त्याहत्तर साली, राणीच्या राज्याच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी, पक्षी पुरते तयार झाले आणि एका सकाळी मिस लॅव्हिंग्टन काठी टेकून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मिंचिन," त्या म्हणाल्या, "हे सगळे निघालेत की काय कुठं?"

"हो मिस," क्लिफर्ड म्हणाला. त्यांना तो सगळ्यालाच 'हो मिस' म्हणायचा.

त्यांनी मान डोलावली आणि निघून गेल्या. हा राग होता, थट्टा होती की पसंती? क्लिफर्डनं हा प्रश्न मळ्यात गुडघ्यांवर बसून किती वर्षं घोळवला असेल त्याला गणती नाही. थेल्माला विचारावं, तर ती सोमवारी म्हणायची, 'तू माफी मागावीस म्हणून बोलल्या रे त्या', आणि शुक्रवारी म्हणायची, 'आवडले असणार, नाहीतर तुला कधीच हाकलला असता.'

एक मात्र खरं. त्या पक्ष्यांवर त्याचा जीव होता. चव्वेचाळीस ऑगस्ट त्यानं ते स्वतःच्या हातानं कातरले, हातकात्रीनं, तीन-तीन आठवडे, आणि दुसऱ्या कुणाला शिडीवर चढू दिलं नाही.

ठरल्या दिवशी थेल्मानं गाडी लावली तर क्लिफर्ड खाली उतरून तडक भिंतीच्या कडेनं निघाला.

"तिकडं कुठं?" ती ओरडली. "आज आपण पाहुणे आहोत."

"मग जायचं कुठून?"

"दारातून."

"कुठल्या?"

थेल्मानं आभाळाकडे पाहिलं. "घराच्या, क्लिफ. घराच्या दारातून. देवा रे."

सत्तेचाळीस वर्षांत त्या दारातून तो आत गेला नव्हता. ओकचा जाड दरवाजा, त्यावर हातानं ठोकलेली लोखंडी कडी. त्यानं पायपुसण्यावर बूट इतके घासले की मागे रांग लागली. आत त्याला काय करावं कळेना. टोपी काढली, ती कुठं ठेवावी कळेना, पुन्हा घातली, मग थेल्मानं डोळे वटारले म्हणून पुन्हा काढली.

घर दाखवायला मिस्टर फॅन्शॉ होते. दातांचे डॉक्टर होते पूर्वी, आता गळ्यात रेशमी रुमाल बांधून फुकट काम करतात, आणि लोकांनी तोंड उघडायच्या आत उत्तरं देतात. "यंत्राला विटलेली माणसं होती ही," ते सांगत होते. "आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ म्हणजे काय, तर माणसाच्या हातावरचा विश्वास. दगड याच टेकडीचा, लाकूड याच खोऱ्यातलं, खिळा न् खिळा इथल्या भट्टीत ठोकलेला. या टेबलावरून हात फिरवा. तासणीचे घाव लागतात ना? ते मुद्दाम ठेवलेत. आणि ही बघा भिंतीवरची पाटी: सुतार, लोहार, गवंडी, छतावर गिलाव्याची द्राक्षं काढणारा, सगळ्यांची नावं. या घरानं कारागिराचा हात कधी लपवला नाही."

क्लिफर्डनं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"माळी नाही यात," थेल्मा म्हणाली. कुजबुजायला गेली, पण तिचं कुजबुजणं शेजारच्या खोलीत ऐकू जातं.

"बाग ही वाढणारी गोष्ट आहे, मॅडम," फॅन्शॉ हसून म्हणाले. "तिला कर्ता कुठला?"

"पावसात शिडीवर चढून बघा, मग सांगा कर्ता कुठला."

क्लिफर्डनं तिची बाही ओढली. एवढ्यात सगळे वरच्या अंगणात आले आणि फॅन्शॉंनी आवाज खाली आणला. "आता हे पक्षी. काय जाणवतं तुम्हाला? बरोबर, त्यांनी घराकडे पाठ केलीय. मी गेली नऊ वर्षं हे दाखवतोय आणि अजून माझ्या अंगावर काटा येतो. थॉर्नबी काय म्हणतोय? माणसानं घर बांधावं, मन लावून बांधावं, पण डोळे कुठं असावेत? पलीकडे. त्या टेकड्यांकडे. हे पक्षी घराचे आहेत, पण घरात अडकलेले नाहीत."

एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. क्लिफर्डनं पक्ष्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. तिथं भिंत होती, भिंतीत हिरवं दार होतं, दारामागे कंपोस्टचा ढीग. टेकड्याही होत्या म्हणा, त्याच्याही पलीकडे. आपण केला तो गाढवपणा होता की प्रतिभेचं काम, हे निदान एकदा कुणीतरी नक्की करून टाकावं, असं त्याला वाटलं. त्याला आनंद होत होता आणि आपलं काहीतरी चोरीला गेलंय असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटणं बरोबर आहे का, हेही कळत नव्हतं.

"अंगावर काटा म्हणे," थेल्मानं कोपर मारलं. "आधी कळलं असतं तर तुला रविवारचा कोट घातला असता."

रोवन ॲस्प्रे अंगणातल्या बाकाशी वाट बघत होती. पस्तिशीची असेल. नखांत माती. क्लिफर्डनं आधी नखंच बघितली आणि त्याला जरा बरं वाटलं.

"मिस्टर मिंचिन, तुम्हाला उगाच नाही बोलावलं," ती म्हणाली. "थॉर्नबीचा मूळ आराखडा सापडलाय. त्यात पक्ष्यांशेजारी पेन्सिलीनं दोनच शब्द आहेत. चोची दाराकडे."

क्लिफर्ड बाकावर बसला.

"आता कुठलं दार?" रोवन म्हणाली. "तज्ज्ञांमध्ये दोन तट पडलेत. जुने फोटो दोनच आहेत आणि दोन्ही धुरकट. एकात ती बदकं वाटतात, दुसऱ्यात किटल्या. चोच कुठली अन् शेपूट कुठलं, त्यावरून लोकांचं एकमेकांशी बोलणं बंद झालंय. गुरुवारी समितीची बैठक आहे. बर्फाच्या आधीचे पक्षी पाहिलेले तुम्हीच एक उरलात."

तिनं मांडीवर एक छापील तक्ता ठेवला. "मी तुमच्यापासून लपवत नाही. पक्षी पहिल्यापासून असेच असतील, तर 'मूळ' म्हणून नोंद होईल, कर्त्याच्या रकान्यात थॉर्नबीचं नाव पडेल आणि त्यांना कुणी हात लावणार नाही. नंतर कुणी फिरवले असतील, तर ढोलापर्यंत कापून पुन्हा घराकडे तोंड करून वाढवायचे. पंधरा वर्षं लागतील. पण मग कर्त्याच्या रकान्यात ज्यानं ते घडवले त्याचं नाव येईल, आणि हॉलमधल्या पाटीवरही ते जोडायचं, असं मी समितीकडून कबूल करून घेतलंय. तिथं एकाही माळ्याचं नाव नाही. मला त्याची लाज वाटते."

थेल्मा पुढे सरकली. "ऐकलंस का, क्लिफ? पाटीवर. लोहाराच्या खाली."

क्लिफर्डनं ऐकलं होतं. त्यानं तक्त्याकडे पाहिलं. कर्ता. रकाना कोरा होता आणि 'क्लिफर्ड मिंचिन' मावेल एवढा रुंद होता. त्याला आपलं नाव हवं होतं. इतकं हवं असेल याची त्याला स्वतःलाच कल्पना नव्हती. मग त्यानं वर पाहिलं. तिसऱ्या पक्ष्याच्या शेपटीत दुष्काळाच्या वर्षी फांदी वाळून पडलेली खोच अजून पुरती भरली नव्हती. पाचव्याची मान हल्लीच्या माळ्यांनी यंदा जरा जास्तच कातरली होती. सहाजण भिंतीकडे बघत उभे होते.

"मी आलो तेव्हा अशीच होती," तो म्हणाला. "तोंडं भिंतीकडे."

"नक्की? तुम्ही तर तेव्हा खालच्या मळ्यात होता ना?"

"भिंतीवरून दिसायची."

"आणि त्रेसष्टमध्ये साचे चढवलेत ते?"

"प्रॉबर्टनी सांगितलं तसेच चढवले." हे मात्र खरं होतं, आणि खरं बोलल्यावर आपण जास्तच खोटं बोललो असं त्याला वाटलं.

रोवननं पेन उघडलं, मग थांबली. "मिसेस मिंचिन, तुम्हीही तेव्हा घरात कामाला होतात ना? स्वयंपाकघराची खिडकी याच अंगणावर उघडते. तुम्हाला कसे दिसायचे?"

आयुष्यभर या बाईला गप्प बसवायला कुणाला जमलं नव्हतं, आणि ज्या वाक्यावर तिचा सगळ्यात जुना हक्क होता ते आता तिला सरळ विचारलं जात होतं. थेल्मा नवऱ्याकडे बघत राहिली.

"मला कुठले पक्षी दिसतायत," ती म्हणाली. "मी भांडी घासत होते, पोरी. मला फक्त भांडी दिसायची."

रोवननं रकान्यात 'ॲल्विन थॉर्नबी' लिहिलं, पुढे १९११ लिहिलं, क्लिफर्डची सही घेतली आणि दोघांना चहाच्या कुपनांचा लखोटा दिला. जाताना ती म्हणाली की पाचव्याची मान बिघडलीय, आम्हाला काही केल्या जमत नाही, पुढच्या ऑगस्टला येऊन दाखवाल का? क्लिफर्ड 'हो मिस' म्हणाला आणि मग लाजला.

चहाच्या खोलीत थेल्मा दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. क्लिफर्डच्या आठवणीत असं याआधी एकदाच झालं होतं, तेव्हा तिची दाढ काढली होती.

"पक्षी त्या मेलेल्या थॉर्नबीला दान करून आलास," ती शेवटी म्हणाली. "त्यानं उभ्या जन्मात कात्री तरी धरली असेल का?"

"पंधरा वर्षं, थेल्मा. मी चौऱ्याण्णवचा होईन."

"मग?"

"मला नुसते ढोल नाही बघवणार गं." एवढं बोलून त्यानं उगाच चमच्यानं चहा ढवळला. साखर घातलीच नव्हती. "पण मग तू का नाही सांगितलंस? तुला एवढं वाटत होतं तर?"

"नवऱ्याला लोकांत खोटा पाडू? घरी पाडते तेवढं पुरे आहे." तिनं स्कोनपावाची बशी त्याच्याकडे ढकलली. "लोणी लाव चांगलं. दगड आहे नुसता."

बरोबर केलं की चूक, हे त्याला स्कोन संपला तरी ठरवता आलं नाही. मिस लॅव्हिंग्टन असत्या तर काय म्हणाल्या असत्या? त्या काही म्हणाल्या असत्या तरी त्याचा अर्थ लागला असता थोडाच.

बाहेर पडण्याच्या वाटेवर एक मुलगी अभिप्रायाची कार्डं घेऊन उभी होती. "स्लेडकोटला पहिल्यांदाच आलात का?" तिनं गोड आवाजात क्लिफर्डला विचारलं.

क्लिफर्डनं तोंड उघडलं. सत्तेचाळीस वर्षं म्हणावं? की या दारानं पहिल्यांदाच, असं म्हणावं? आणि आता आपण सही करून आलो, तर इथं होतो म्हणायचा आपल्याला हक्क तरी उरलाय का?

"हो, पहिल्यांदाच," थेल्मा म्हणाली.

"छान! सगळ्यात जास्त काय आवडलं?"

"वरच्या अंगणातले पक्षी."

"थॉर्नबीचे!" मुलीचा चेहरा फुलला. "सगळ्यांना तेच आवडतात."

"नावबिव मला नाही ठाऊक," थेल्मा म्हणाली. "पण ज्यानं ते वाढवले ना, त्याचा हात फार चांगला होता. एवढं लिही. आणि खाली माझं नाव घाल, थेल्मा मिंचिन."

मुलीनं लिहून घेतलं. क्लिफर्ड रुमाल शोधू लागला, पण तो कोणत्या खिशात असतो तेच त्याला आठवेना.